कोटातील मुले

चित्र दुरून पाहावे, असे आम्हां चित्रकलेच्या शिक्षकांचे एक आवडते वचन आहे. वर्गात एखादे मूल कागदाला नाक लावून झाडाचे एकेक पान रंगवीत बसले, की मी त्याच्या खांद्याला धरून त्याला दोन पावले मागे नेतो आणि म्हणतो, "आता पाहा." मुलाला तेथून झाड दिसते. पाने जास्त झाली, बुंधा बारीक राहिला, हे त्याचे त्यालाच कळते. वीस वर्षे मी हे करीत आलो. मागे सरण्यात काही धोका असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो धोका एका बाईने माझ्या ध्यानात आणून दिला. आणि तसे करताना तिने वाद घातला नाही, फक्त एक प्रश्न विचारला.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होते अशा ठिकाणी आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा निराळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमची शाळा होती. शाळेला पन्नास वर्षे झाली तेव्हा नागपूर-पुण्याकडे नोकरीस असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली. शाळा ज्यांनी उभी केली ते पहिले मुख्याध्यापक आता हयात नाहीत. त्यांचे एक मोठे चित्र दर्शनी भिंतीवर लावायचे. मात्र ते रंगाने काढलेले नसावे. शाळेतून शिकून गेलेल्या मुलांच्या लहान लहान छायाचित्रांतूनच त्यांचा चेहरा घडवावा. जवळून पाहिले तर हजारो मुले दिसावीत, दुरून पाहिले तर एकटे सर दिसावेत. मुलांनीच सर घडले आणि सरांनी मुले घडविली, हा आशय इतका उघड होता की कुणी शंका काढली नाही. मीही काढली नाही. उलट, चित्रकलेचा शिक्षक म्हणून छायाचित्रे गोळा करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले.

ती मी कोठून गोळा केली? शाळेच्या कपाटांतून. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, एसटीच्या पासाचे कागद, या सर्वांवर टाचणीने टोचलेले वा डिंकाने चिकटविलेले चेहरे मी महिनाभर उतरवीत होतो. कुणाला विचारले नाही. विचारावे असे वाटलेही नाही. शाळेचे कागद, शाळेचे काम. यात विचारायचे काय?

गोंदियातील एका स्टुडिओत एक तरुण मुलगा संगणकावर हे काम करीत असे. त्याने मला सारी कृती समजावून सांगितली, आणि खरे सांगायचे तर मी तिच्यावर लुब्ध झालो. आधी सरांच्या जुन्या छायाचित्रावर चौकटींचे जाळे टाकायचे. प्रत्येक चौकटीत उजेड किती, अंधार किती, रंगाचा झाक कोणता, याची सरासरी यंत्र काढते. मग तेच माप ते मुलांच्या प्रत्येक छायाचित्राला लावते. चौकटीचे माप आणि मुलाचे माप ज्या ठिकाणी जुळते, तेथे ते मूल बसविले जाते. अगदीच जुळत नसेल तर मुलावर हलकासा रंग चढवून ते जुळवून घेतात. एकच छायाचित्र अनेकदा वापरता येते. मात्र शेजारी शेजारी येऊ नये एवढी ताकीद यंत्राला द्यावी लागते. "आणि जी कुठेच जुळत नाहीत ती?" मी विचारले. "ती राहतात," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि पुढचे विचारू लागलो.

ही युक्ती आजची नव्हे. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरा. तेथे चेहरा नसतो, नुसते ठिपके असतात. १९६६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिऑन हार्मन आणि केन नोल्टन या दोघांनी संगणकाकडून बारा फूट लांबीचे एक स्त्रीचित्र छापून घेतले; जवळून पाहता त्यात गणिताची आणि विजेच्या मंडलांची इवलीइवली चिन्हे होती. पुढे १९७३ साली हार्मनने अब्राहम लिंकनचा चेहरा काही थोड्या करड्या चौकोनांत मांडून दाखविला. डोळे बारीक केले की चौकोन विरघळतात आणि लिंकन दिसू लागतो. ठिपक्यांच्या जागी चिन्हे आली, चिन्हांच्या जागी पूर्ण छायाचित्रे आली. १९९०नंतरच्या दशकात एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या रॉबर्ट सिल्व्हर्सने ही कृती संगणकाला नीट शिकविली आणि तिला 'फोटोमोझेक' हे नाव दिले. १९९६ साली 'लाइफ' मासिकाला साठ वर्षे झाली तेव्हा मासिकाच्याच जुन्या मुखपृष्ठांतून मेरिलिन मन्रोचा चेहरा घडवून तो मुखपृष्ठावर छापण्यात आला. आपल्याकडेही मोठ्या चेहऱ्यांची ही हौस कमी नाही. २०१९ साली लातूर जिल्ह्यातील निलंग्याला मंगेश निपाणीकर यांनी सुमारे सहा एकर शेतात बी पेरून, हिरव्या रोपांतून शिवाजी महाराज उभे केले. ते पाहायचे तर आकाशातूनच पाहावे लागे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला नुसती उगवण दिसे. आम्ही धान पिकविणारी माणसे. आम्हांला ती कल्पना फार जवळची वाटली.

तर आमचे चित्र तयार झाले, काच लावून भिंतीवर चढले, नारळ फुटला. लोक आधी लांब उभे राहून सरांना ओळखीत, हात जोडीत. आणि मग लगबगीने जवळ जाऊन आपापले तोंड शोधू लागत. "हा मी!" "अरे, हा तर तू, तुला तर सरांच्या कानात बसविले!" हशा पिकला. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. एखादी कादंबरी पूर्ण झाली तरी मला इतके समाधान कधी झालेले नाही.

दिवाळी झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, रात्री दंडार रंगते. आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी शाळेला सुटी होती. पण काही कामासाठी मी कार्यालय उघडून बसलो होतो. पलीकडच्या टोल्यावरची एक बाई दारात आली. तिचा मुलगा आमच्याकडे नववीत होता. रोवणीच्या दिवसांत आईबरोबर बांधीत उतरला असताना त्याला साप चावला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो राहिला नाही. या गोष्टीला पाच-सहा वर्षे झाली असतील. ती म्हणाली, "गुरुजी, भिंतीवर सगरे पोरं हायेत म्हंते लोक. माहा पोरगा यात कुठं हाये जी?"

आम्ही दोघे शोधू लागलो. मी साहजिकच चेहऱ्यापासून आरंभ केला. सरांचे कपाळ, गाल, नाकाचा उजेडाकडचा भाग. तेथे तो नव्हता. पांढऱ्या टोपीत नव्हता. बाईला वाचता येत नसे, परंतु तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. ती खाली वाकली, आणि सरांच्या काळ्या कोटावर, दुसऱ्या गुंडीच्या थोडे डावीकडे तिने बोट ठेवले. "हा." तो होता. निळसर काळा रंग त्याच्यावर चढविलेला होता; डोळ्यांतले पांढरे तेवढे दिसत होते. मग तो आणखी सापडू लागला. एक, दोन, तीन, असा तो सात ठिकाणी होता. सहा कोटात आणि एक हनुवटीखालच्या सावलीत.

बाई रडेल असे मला वाटले. ती रडली नाही. अगदी सहज, धान ओले होते म्हणून भाव कमी आला असे सांगावे तशी म्हणाली, "कारा होता ना जी. म्हून कोटात घातला."

आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. काळा होता, म्हणून कोटात घातला.

ती गेल्यावर मी एकटाच त्या चित्रासमोर उभा राहिलो आणि प्रथमच ते मुलांच्या बाजूने वाचले. कपाळावर कोण होते? गावातील दुकानदारांची, नोकरदारांची गोरी मुले. ज्यांची छायाचित्रे शहरातील स्टुडिओत चांगल्या दिव्याखाली काढलेली होती. त्यांतला एक तर दोनच वर्षे आमच्याकडे होता, पुढे वडिलांची बदली झाली. तो सरांच्या भुवयांमध्ये तेजाने झळकत होता. कोटात, मिशांत, चष्म्याच्या काडीत, मागच्या अंधारात कोण होते? गोंडांची मुले, बिडीकामगारांची मुले, उन्हात राबणाऱ्या घरांतली मुले. ज्यांचे छायाचित्र बाजाराच्या दिवशी घाईने, वाईट उजेडात निघाले होते. आणि यादी घेऊन ताडून पाहिले तेव्हा कळले की काही मुले कुठेच नव्हती. ती गोरीही नव्हती, काळीही नव्हती, त्यांचे छायाचित्र पुसट होते. यंत्राला ती कशाच्याच कामी आली नाहीत. सरांनी उभ्या आयुष्यात जी पंक्ती मांडली नाही, ती त्यांच्याच चेहऱ्यावर आम्ही मांडली होती.

मी हे सहकाऱ्यांना बोलून दाखविले. एक जण म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कादंबरीकार, तुम्हाला सगळीकडे कथा दिसते. संगणकाला जात नसते, धर्म नसतो. त्याने सर्वांना एकच माप लावले. याहून अधिक न्याय तो कोणता?"

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले; कारण यात लबाडी नव्हती. यंत्राने खरोखरच सर्वांना एक माप लावले होते. पण एक माप लावणे म्हणजे न्याय, हे आपण गृहीत धरतो. माप कशाचे आहे हे विचारीत नाही. पायलीने धान मोजावे. तिने पाणी मोजले तरी चालेल. परंतु पायलीने माणूस मोजायला घेतला, तर सर्वांना तीच पायली लावली हे सांगून काय उपयोग? आणि मापेही आकाशातून पडत नाहीत. रंगीत छायाचित्रे धुण्याच्या प्रयोगशाळांतून अनेक वर्षे 'शर्ली कार्ड' नावाचे एक नमुन्याचे चित्र वापरीत. त्यावर गोरी स्त्री असे, आणि तिची कांती ठीक उमटली म्हणजे सर्व ठीक उमटले असे मानीत. सावळ्या माणसाचा चेहरा छायाचित्रात काळवंडून जाई, तो त्याच्या कातडीचा दोष समजला जाई. म्हणजे आमच्या गावचा तो मुलगा कोटात जाऊन पडण्याच्या कितीतरी आधी, दूर कुठेतरी, त्याचा उजेड ठरून गेलेला होता. यंत्राने भेदभाव केला नाही. भेदभाव आधीच झालेला होता, यंत्राने तो इमानाने पुढे नेला. मी शिक्षक म्हणून तो अडवू शकलो असतो. मला तो दिसलाच नाही, कारण मी चित्र दुरून पाहत होतो.

दुसरे एक मित्र म्हणाले, "अंशाने पूर्णाची तक्रार का करावी? रोवणीत एकेक पऱ्हे स्वतःचे काय मागते? बांधी हिरवी होते यातच त्याचे सार्थक." हा युक्तिवाद जुना आहे, आणि त्याच्या पाठीशी थोर थोर माणसे आहेत. फौजेत शिपाई असतो, मोर्चात माणूस असतो, राष्ट्रात नागरिक असतो. पूर्णासाठी अंशाने स्वतःला विसरावे यात एक उदात्तता आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु पऱ्ह्याच्या उपमेत एक चूक आहे. पऱ्हे स्वतःला विसरत नाही. त्याला विसरण्यासारखे 'स्व' नसतेच. निलंग्याच्या शेतातील रोपाने हरकत घेतली नाही. मासिकाच्या जुन्या मुखपृष्ठांनीही घेतली नाही. ठिपका, चिन्ह, रोप, कागद, यांच्याबाबत प्रश्नच उद्भवत नाही. पण चौकटीत चेहरा आला, की त्या चौकटीला आई असते. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८५ साली सांगून ठेवले आहे की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. तो नेहमी स्वतःच एक साध्यही असतो. या वाक्यात 'केवळ' हा शब्द मोलाचा आहे. आपण एकमेकांना वापरतोच. शिंपी, वाहक, शिक्षक यांच्यावाचून कुणाचे चालत नाही. वापरणे हे पाप नव्हे. वापरून झाल्यावर मागे काहीच शिल्लक न ठेवणे, हे पाप.

या ठिकाणी मला आपल्याकडचे एक जुने चित्र आठवते. नवनारीकुंजर वाचकांनी पाहिलेले असेल. लाकडी कोरीवकामात, जुन्या चित्रांत हा प्रकार आढळतो, पैठणीच्या नक्षीतही नारीकुंजर असतो. नऊ गोपी एकमेकींत गुंतून हत्तीचा आकार घेतात आणि कृष्ण त्यावर बसतो. कुणी सोंड झाली आहे, कुणी पाय, कुणी पाठ. तेथेही अंशातून पूर्ण घडले आहे, तेथेही कुणी वर आहे आणि कुणी खाली. मग आमच्या चित्रात आणि त्यात फरक कोणता? पुष्कळ विचार केल्यावर मला वाटते तो असा: नारीकुंजर काढणाऱ्याने सोंड झालेल्या गोपीचेही डोळे काढले आहेत, तिच्या हातात बांगड्या घातल्या आहेत, पायात पैंजण घातले आहेत. हत्तीला त्या पैंजणाचा काही उपयोग नाही. तो पैंजण त्या बाईसाठी आहे. चित्रकाराने हत्ती काढताना बाई काढण्याचे काम सोडलेले नाही. युरोपात आर्चिम्बोल्दो या चित्रकाराने १५९०च्या सुमारास सम्राट रुडॉल्फचा चेहरा फळाभाज्यांतून रंगविला, त्यातील फळही असे आहे की उचलून खावे. जवळ गेल्यावर ज्याच्यापाशी काही सापडते, ते चित्र दुरूनही खरे असते. जवळ गेल्यावर जेथे निळ्या रंगाने पुसलेला मुलगा सापडतो, ते चित्र दुरून कितीही सुंदर दिसो, कुठेतरी उधारीवर उभे असते.

हे सारे मी संगणकाविषयी आणि शाळेविषयी लिहीत आहे असे वाचकांना वाटेल. तसे असते तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. मी मॅट्रिक झालो, पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आणि शाळा सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या एका कादंबरीत बिड्या वळणारी एक म्हातारी आहे. ती वाचकांना आवडली. ती मी कशी केली? एकीचे बोलणे घेतले, दुसरीचा खोकला घेतला, तिसरीचे मेलेले मूल घेतले. जेथे अंधार हवा होता तेथे ज्यांच्या घरात अंधार होता त्यांना बसविले. त्यांतल्या एकीलाही मी विचारले नाही. एकीलाही ती कादंबरी वाचता आली नसती. "समाजाचे विशाल चित्र" असे एका परीक्षणात छापून आले तेव्हा मला धन्य वाटले. स्टुडिओतील त्या मुलाने निदान सर्वांना एक माप लावले होते. मी तर माझ्या सोयीने निवडीत होतो. दुःख माझ्या चौकटीला जुळते एवढ्याच कारणाने मी ते उचलले. त्या तिघींपैकी कुणी दारात येऊन "यात मी कुठं हाये जी?" असे विचारले असते, तर मी कोणत्या पानावर बोट ठेवले असते?

मग मोठी चित्रे काढूच नयेत काय? कादंबऱ्या लिहू नयेत? केवळ हजेरीपट ठेवावा, ज्यात प्रत्येकाला एक ओळ आणि सर्व ओळी सारख्या? काही दिवस मला खरोखर असे वाटत होते. चित्र उतरवून ठेवावे असे मी शाळेला सुचविण्याच्या बेतात होतो. पण त्या बाईची आणि माझी भेट तेथेच संपली नव्हती, आणि जे पुढे घडले ते मी आतापर्यंत सांगितलेले नाही.

त्या दिवशी ती निघाली तेव्हा मी तिला थांबविले. मुलाचा मूळ फोटो फाइलीत होता. परीक्षेच्या अर्जासाठी काढलेल्या प्रतींतला तो एक. घरी एकही उरलेला नव्हता, हे तिने शोधता शोधता सांगितले होते. मी तो तिच्या हातावर ठेवला. तिने तो पाहिला, पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग मी म्हणालो, "बाई, माझे चुकले. तुम्ही म्हणाल तर भिंतीवरचा त्याचा फोटो काढून टाकायला सांगतो." ती एकदम म्हणाली, "नाई जी, नाई. तो राहू द्या. तटी सगऱ्यांसंगं हाये ना."

पदरात एकटा, आणि भिंतीवर सगळ्यांसंगे. तिला दोन्ही हवे होते. मी जो प्रश्न कान्टपासून नारीकुंजरापर्यंत फिरवून आणला, त्याचे उत्तर तिने चित्रासमोर उभे राहून, काही न वाचता दिले होते. माणसाला एकटे आपले असणेही पुरत नाही, आणि सगळ्यांत असणेही पुरत नाही. पदरातला फोटो नसेल तर भिंतीवरचे असणे म्हणजे हरवणे. आणि भिंत नसेल तर पदरातले दुःख एकट्याने वागवावे लागते. मोठे चित्र काढण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने प्रत्येकाचा सुटा फोटो परत करण्याची तयारी ठेवली आहे. हा अधिकार मी त्या वेळी न मिळविताच वापरला होता.

तेव्हापासून मी आणि आठवी-नववीची मुले एक काम करीत आहोत. चित्रातील प्रत्येक चौकटीला आडवा-उभा क्रमांक देऊन त्यापुढे नाव, गाव आणि शाळा सोडल्याचे साल, अशी एक वही चित्राखाली मेजावर ठेवायची. जी मुले चित्रात कुठेच जुळली नाहीत त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर. काम अर्धेच झाले आहे; काही चेहरे कुणालाच ओळखता येत नाहीत, त्यांच्यापुढे आम्ही जागा कोरी ठेवतो. यामुळे कोटातला मुलगा कपाळावर जात नाही, हे मला ठाऊक आहे. झालेली चूक वहीने पुसत नाही. पण आता कुणाची आई आली तर तिला वाकून शोधावे लागणार नाही.

वर्गात मी अजूनही मुलांना खांद्याला धरून मागे नेतो. ते चूक नाही. मात्र झाड दिसले की त्यांना तेथेच उभे ठेवीत नाही. "आता पुन्हा जवळ जा," असे सांगतो, "आणि ज्या पानाला आपण घाईत नुसता ठिपका दिला, ते पान आधी पाहा."